हिंगोलीच्या छावणीतली विहीर

माझी धाकटी बहीण वेणू लग्न होऊन हिंगोलीला गेली, तेव्हा आमच्या आळीतल्या बायका आईचं सांत्वन करायला आल्या होत्या. हिंगोली परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात, म्हणजे आम्हा पुणेकरांच्या भाषेत मोगलाईत. तिकडे मुलगी देणं ही अजूनही आमच्याकडे छातीची गोष्ट समजतात. वेणूची पत्रं नियमित येत, पण 'आम्ही सर्व सुखरूप आहोत' यापलीकडे त्यांत काही नसे. लग्नाआधी हीच मुलगी सबंध घर डोक्यावर घेत असे. आई म्हणाली, "सुखरूप काय, तुरुंगातली माणसंही असतात. तू एकदा डोळ्यांनी बघून ये." मी मुलींच्या शाळेत शिकवते. मे महिन्याची सुट्टी लागली होती, घरातून कुणाची आडकाठी नव्हती, तेव्हा मी निघाले.

माझ्या ट्रंकेत मेतकूट, फणसाचे पापड, वेणूसाठी एक इरकली लुगडं आणि पुठ्ठ्यांमध्ये बांधलेला फोटोंचा एक गठ्ठा होता. या प्रवासात सांगण्यासारखं जे काही घडलं ते या फोटोंमुळे, म्हणून ते कुठून आले ते आधी सांगते.

आमच्या शाळेचा दरवर्षीचा फोटो काढणारे एक वृद्ध गोवेकर गृहस्थ पुण्याच्या लष्कर भागात स्टुडिओ चालवतात. फोटोच्या प्रती आणायला गेले असताना त्यांच्या टेबलावर एक लाकडी पेटी दिसली. झाकणावर इंग्रजीत 'हिंगोली' लिहिलेलं. कुणा गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात जुन्या भिंगांबरोबर ती त्यांच्याकडे आली होती. आत काचेच्या प्लेटा होत्या आणि प्रत्येक प्लेटवर हिंगोलीच्या छावणीतली एकेक इमारत. तिथे पूर्वी हैदराबादची फौज असे. ती उठून गेल्याला आता चाळीसएक वर्षं लोटली.

मी हे वेणूच्या यजमानांना, गोविंदरावांना, सहज पत्रातून कळवलं. ते हिंगोलीच्या सरकारी शाळेत मास्तर आहेत. त्यांचं उत्तर उलट टपाली आलं. 'आक्का, येताना त्या प्लेटांचे छाप आणाच. फार निकड आहे. सविस्तर भेटीत.' स्टुडिओवाल्यांनी हौसेनं छाप काढून दिले. एका प्लेटनं मात्र त्यांना त्रास दिला. "हिच्या काचेवरचा मसाला सुटायला लागलाय, बाई. हात लागला की पापुद्रा निघतो. पण काढलाय मी छाप, थोडा पुसट वाटेल," असं ते म्हणाले. तो पुसट छाप एका लांबलचक बराकीचा होता.

मनमाडच्या पुढे

मनमाडला मोठी गाडी सोडून निजामाच्या लहान गाडीत बसले. बायकांच्या डब्यात माझ्यासमोर बोरी गावच्या गयाबाई होत्या. मुलीचं बाळंतपण आटोपून परत निघाल्या होत्या. त्यांनी बसल्या बसल्या माझं नाव, गाव, मुलं किती, नवरा काय करतो, सगळं विचारून घेतलं आणि मग फडकं सोडून ज्वारीची धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. अनोळखी माणसाकडचं गाडीत खायचं नाही, असा आमच्या घरचा दंडक. तो मी पहिल्याच दिवशी मोडला. चटणीत करडईचं तेल होतं. सवय नसल्यानं त्याचा वास आधी नाकात भरला. दुसऱ्या घासाला मात्र मी आणखी एक धपाटं मागून घेतलं.

निजामाच्या हद्दीत शिरल्यावर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, लोक डब्यात आले. एका तरुण अंमलदाराच्या डोक्यावर रुमी टोपी होती. त्यानं ट्रंक उघडायला लावली. इरकली लुगडं वापरातलं की नवं, यावर थोडी हुज्जत झाली आणि मग त्याचा हात फोटोंवर पडला.

"ये क्या है, बाई?"

"घरांचे फोटो आहेत."

"किसके घरां?"

"फौजेची घरं आहेत. हिंगोलीची," मी खरं ते सांगून टाकलं. फौज हा शब्द ऐकल्यावर त्याचा चेहराच बदलला. परमुलखातली एक बाई एकटी, आणि जवळ सरकारी फौजेच्या इमारतींचे फोटो! त्यानं गठ्ठा काखेत मारला आणि तो खाली उतरून वरिष्ठाकडे निघाला. मी घाबरून दारात उभी राहिले. गाडी सुटली तर फोटो तिथेच राहणार होते.

तेवढ्यात गयाबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "अवो सायेब! त्या घरायला छप्पर बी न्हाई राह्यलं. म्या बघितल्यात. लोकं शेळ्या बांधायलेत तिथं. शेळ्यायचं काय भ्या वाटतंय तुमाला?"

फलाटावरचे हमाल हसले. खुर्चीत बसलेल्या वरिष्ठानं चहाची बशी खाली ठेवून फोटो एकेक करून पाहिले. रिकामे व्हरांडे, रिकाम्या खोल्या, कुठेतरी एखादा शिपाई. "खाली मकान," असं म्हणून त्यानं गठ्ठा परत दिला. मी उतरून तो घेतला आणि धावत येऊन चढले, तेव्हा फोटो बघून गयाबाई म्हणाल्या, "बाई, येवढी मोठाली घरं, अन् माणसं कामून न्हाईत त्यात?" फोटो काढणाऱ्या साहेबाला इमारतींचं कौतुक होतं, एवढंच दिसत होतं.

जालन्याच्या पुढे काळी जमीन सुरू होते. मे महिन्यात तिच्यावर काहीही नसतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून नेलेल्या, भेगा एवढ्या की गाडीतूनसुद्धा दिसाव्यात. सेलूच्या स्टेशनात मात्र कापसाच्या गाठींची रास होती आणि वाऱ्यानं उडालेला कापूस रुळांच्या कडेला धरून बसला होता. परभणीला गयाबाई उतरल्या. बोरीला या, असं तीनतीनदा सांगून गेल्या. पूर्णेला गाडी बदलून मी हिंगोलीला पोचले.

वेणूचं घर

स्टेशनवर गोविंदराव एकटेच आले होते. वेणू का आली नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "आक्का, इकडे घरच्या बायका स्टेशनावर येत नाहीत." त्यांनी माझ्यासाठी पडदा लावलेली दमणी आणली होती. दमणी म्हणजे लहानशी छपराची बैलगाडी. पुण्यात मी रोज छत्री घेऊन शाळेत चालत जाते. इथे पडद्याच्या फटीतून गाव बघत गेले.

वेणूनं दारात माझे पाय धुतले आणि गळ्यात पडली. घर नीटनेटकं होतं. गोविंदराव सज्जन, बायकोला अहोजाहो नसली तरी आवाज चढवून न बोलणारे. खाणंपिणं भरपूर. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्यांच्या पुडीची, आमटी मी तिथे पहिल्यांदा खाल्ली आणि आता पुण्यात करून बघते आहे, पण जमत नाही. सगळं ठीक होतं, फक्त वेणू बोलत नव्हती. विचारलेल्याला उत्तर द्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. शेजारणी आल्या की हसून पाट मांडायची, आणि त्या जाईपर्यंत हसतच राहायची.

चौथ्यापाचव्या दिवशी तांदूळ निवडताना मी सरळ विचारलं, "वेणू, तुला इथे कुणी त्रास देतं का?"

"नाही गं," ती म्हणाली. मग एक खडा वेचून टाकत म्हणाली, "माझं बोलणं ऐकून बायकांना हसू येतं. पुण्याची मैना म्हणतात मला. वाईट मनानं नाही म्हणत. म्हणून मी त्यांच्यासारखं बोलून बघितलं, तर यांना हसू आलं. मग बोलणंच कमी केलं. त्यात काय एवढं?"

आम्ही तांदूळ निवडत राहिलो.

छावणी

फोटोंची निकड काय होती, ते गोविंदरावांनी मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. खेड्यापाड्यांतली मुलं शिकायला हिंगोलीला यायची म्हटली तर राहायची सोय नाही. गोविंदराव आणि गावातले काही लोक मिळून मुलांसाठी बोर्डिंग काढायच्या खटपटीत होते. जागा म्हणून त्यांनी छावणीतली एक रिकामी बराक मागितली होती. भिंती चांगल्या, छप्पर दुरुस्त होण्यासारखं. एका व्यापाऱ्यालाही तीच बराक कापसाच्या गोदामासाठी हवी होती. तहसीलदारांनी दोघांच्या दरखास्ती वाचून गोविंदरावांना सांगितलं, की पोरांना पाणी कुठून पाजणार ते दाखवा आणि बराक घ्या. मात्र पावसाळ्याआधी दाखवा.

बराकीजवळ पूर्वी एक मोठी विहीर होती, कधी न आटणारी, हे गावात सगळे सांगत. फौजेनं जाताना ती बुजवून टाकली. पण नेमकी कुठे होती हे कुणालाच सांगता येत नव्हतं. छावणी उठली तेव्हा आजचे म्हातारे पोरं होते, आणि छावणीत गावच्या पोरांना पाऊल टाकू देत नसत.

"आणि तुम्ही लिहिलंत, की छावणीचे फोटो सापडलेत," गोविंदराव म्हणाले. "मला रात्रभर झोप नाही."

आम्ही कंदिलाजवळ छाप पसरले. बंगले, तबेले, सवारांच्या चाळी. शेवटी तो पुसट छाप निघाला. समोरून काढलेली लांब बराक, कमानींचा व्हरांडा, दोन्ही टोकं अगदी सारखी. आणि बराकीच्या उजव्या हाताला दगडी कठड्याची गोल विहीर, तिच्याजवळ घागर घेतलेली एक बाई.

गोविंदरावांनी बोट त्या कठड्यावर ठेवलं आणि तसंच बराच वेळ ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दमणीतून छावणी पाहायला गेलो. गाव जिथे संपतं तिथे रस्ते एकदम सरळ होतात आणि दुतर्फा कडुनिंब लागतात. त्यावरून छावणी आली असं समजायचं. मी फोटो हातात घेऊन फिरले. फोटोत ज्या बंगल्यासमोर गुलाबाच्या कुंड्या होत्या, तिथे आता सीताफळीचं रान माजलेलं. नाचघराच्या फरशीवर कुणी कडबा रचला होता. चाळींच्या भिंतीतल्या विटा लोकांनी गरजेप्रमाणे काढून नेल्या होत्या. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. आमच्या पुण्याचं लष्कर गजबजलेलं असतं आणि तिथून जाताना आम्ही बायका पावलं झपझप उचलतो. इथे निदान शेळ्या निवांत होत्या.

बराक दक्षिणेला तोंड करून उभी आहे. तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजवी बाजू पूर्वेची. तिथे मोकळं रान होतं. डाव्या बाजूला, पश्चिमेला, धुरपा नावाच्या धनगर बाईचं कोपटं आणि काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. तिचा नवरा मोठा कळप घेऊन चराईला लांब गेला होता. कोकरं, लेकुरवाळ्या मेंढ्या आणि स्वतःचं तान्हं मूल घेऊन ती मागे राहिली होती.

पूर्वेला खोदायला सुरुवात झाली. खोदणारे वडार होते, आणि गावातली उत्साही मंडळीही घमेली उचलायला यायची. खर्च एक शेटजी सोसत होते. भाविक माणूस. गोविंदराव रोज संध्याकाळी मातीनं माखून घरी यायचे आणि रोज त्यांचं बोलणं कमी व्हायचं. खड्डा खोल गेला, मग रुंद झाला, मग बराकीच्या बाजूला सरकला, मग उलट दिशेला सरकला.

एका संध्याकाळी ते पानावरून तसेच उठले. "आक्का, बुजवलेली विहीर असती तर विटा लागल्या असत्या, दगड लागले असते. इथं नुसता कोरा मुरूम आहे. पण फोटोत तर विहीर दिसते. फोटो खोटा कसा असेल?"

गावातली मंडळी येईनाशी झाली. शेटजींनी निरोप पाठवला, की आता आणखी किती दिवस? त्यात तहसीलदारसाहेब पाहणीला येणार असल्याचं कळलं. कापसाच्या व्यापाऱ्यानं बराकीची मापं घ्यायला माणूसही पाठवला होता.

आरसा

वेणूला तो फोटो आवडायचा. दुपारी पडल्या पडल्या ती बघत बसायची. इमारतीत तिला गोडी नव्हती. ती घागरवाली बाई बघायची. एकदा म्हणाली, "आक्का, हिनं पदर उजव्या खांद्यावर घेतलाय."

आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर येतो. मी म्हटलं, "फौजेत उत्तरेकडचे शिपाई पुष्कळ असायचे. कुणा परदेश्याची बायको असेल. त्यांची रीत वेगळी." वेणूला ते पटलं आणि मलाही.

पाहणीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी वेणूच्या खोलीत खिडकीजवळच्या आरशात बघून मी कुंकू लावत होते. पदर घसरला तो सारखा केला आणि आरशात पाहिलं, तर माझाही पदर उजव्या खांद्यावर. आरशात तो रोजच तसा दिसतो. त्या दिवशी मात्र माझा हात कुंकवाच्या करंड्यातच राहिला.

"वेणू, तो फोटो आण."

आम्ही फोटो आरशासमोर धरला. आरशातल्या बाईचा पदर डाव्या खांद्यावर आला. व्हरांड्यात अगदी लहान दिसणारा एक सवार होता. त्याची तलवार फोटोत उजव्या कमरेला लटकत होती, ती डाव्या कमरेला गेली. बाकीच्या सगळ्या फोटोंत सवारांच्या तलवारी डावीकडेच होत्या. आणि विहीर बराकीच्या दुसऱ्या बाजूला गेली. सबंध छापच उलटा पडला होता.

पुण्याला परतल्यावर मी स्टुडिओवाल्यांना विचारलं. त्यांनी लगेच कबूल केलं. नेहमी मसाल्याची बाजू कागदाला लावतात. पण त्या प्लेटचा मसाला कागदाला चिकटून निघून आला असता, म्हणून त्यांनी तेवढी एक प्लेट पालथी घातली होती. "बाई, तुम्ही घरांचे फोटो हवेत म्हणालात. विहीर शोधायचीय असं म्हणाला नाहीत," ते म्हणाले.

पण ते नंतरचं. त्या सकाळी घरात दमणी नव्हती, गोविंदराव खड्ड्यावर गेलेले. निरोप कुणाबरोबर पाठवावा आणि काय म्हणून पाठवावा, कळेना. मी म्हटलं, "मी चालत जाते." वेणूनं भिंतीवरचा आरसा उतरवला आणि पदरात गुंडाळला. "वाट तुला सापडायची नाही," एवढंच ती म्हणाली.

आम्ही दोघी भर बाजारातून निघालो. उन्हाचा कडाका होता. दुकानांतले लोक मान वर करून बघत होते. मास्तरांची बायको गेल्या चार वर्षांत अशी पायी कुणी पाहिली नव्हती. वेणूनं पाऊल कुठेही हळू केलं नाही.

खड्ड्यावर आम्हाला बघून गोविंदराव घाबरले. त्यांना वाटलं, घरी काही झालं. मी त्यांना फोटो दिला आणि वेणूनं आरसा समोर धरला. आधी त्यांना कळेना. मग त्यांनी स्वतःच्या सदऱ्याच्या गुंड्या आरशात पाहिल्या, पुन्हा फोटो पाहिला, आणि मान वळवून पश्चिमेकडे पाहिलं. तिथे धुरपाच्या कोपटातून चुलीचा धूर निघत होता.

धुरपानं सगळं ऐकून घेतलं. मूल तिच्या काखेला होतं.

"आदी म्हनले तिकडं हाय. आता म्हनायलेत इकडं हाय. उद्या म्हनताल, आभाळात हाय," ती गोविंदरावांना म्हणाली. "मास्तर, मपल्या चुलीखाली खांदायचं म्हनता?"

"तुझं कोपटं आम्ही पलीकडे कडुनिंबाखाली बांधून देऊ, धुरपा. वाडाही घालून देऊ."

"ते देताल. अन् पानी लागल्यावर?"

"म्हणजे?"

"मी मेंढरं रोज वड्याला न्यायलेय. आता वडा आटला, तर लय दूर न्यावं लागायलंय. कोकरं वाटंतच बसत्यात. पानी लागलं तर पयलं पानी मपल्या मेंढरायला. अन् पयल्या दिवसापुरतं न्हाई, रोज. तुमची पोरं आली म्हनून कुनी हाकलायचं न्हाई. हे कबूल असंल तर आत्ता चूल इझवते."

गोविंदरावांनी कबूल केलं. तिनं पुन्हा विचारलं, "समद्यायच्या म्होरं म्हना." त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. मग धुरपानं चुलीतली लाकडं ओढून त्यांवर माती टाकली. माझ्याकडे मूल दिलं आणि स्वतः कुंपणाच्या काट्या उपटायला लागली.

दुसऱ्याच दिवशी कुदळीला मोडलेल्या कठड्याचा दगडी पाया लागला. गावात बातमी पसरली आणि न येणारी मंडळी पुन्हा आली. आतून काय काय निघालं! विटांचे तुकडे, घोड्यांचे नाल, हिरव्या बाटल्या, चिनी मातीच्या फुटक्या बशा, एक गंजलेली खाट. शेजारणी दुपारच्या वेणूकडे येऊन विचारायच्या, "आज काय निघालं वो?" आणि वेणू सांगायची. पहिल्यांदा दोन वाक्यं, मग चार. एक दिवस मी माजघरातून ऐकलं, ती खाटेची गोष्ट अगदी रंगवून सांगत होती आणि बायका हसत होत्या. गोष्टीला हसत होत्या.

तहसीलदारसाहेब आले त्या सकाळी विहिरीत पाणी होतं. आदल्या दिवशी ओल लागली होती, मग झरा फुटला आणि सकाळपर्यंत गढूळ पाणी चांगलं पुरुषभर चढलं. पश्चिमेला गर्दी जमली. बायकाही आल्या होत्या, थोड्या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन. साहेब प्रौढ, शांत गृहस्थ. त्यांनी काठावरून वाकून पाहिलं, खडा टाकून आवाज ऐकला आणि समाधानानं मान हलवली.

शेटजींनी पूजेचं ताट आणलं होतं. चांदीचा तांब्या पुढे करून ते म्हणाले, "मास्तर, पहिलं पाणी महादेवाला. रीत आहे."

गोविंदरावांनी पोहरा हातात घेतला होता, तो तसाच राहिला. पलीकडे जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीजवळ धुरपा मेंढरं घेऊन उभी होती. ती गोविंदरावांकडे बघत होती. गोविंदराव शेटजींकडे बघत होते. बोर्डिंग सुरू झालं तरी मुलांचं धान्य शेटजींकडूनच यायचं होतं.

"शेटजी, मी हिला शब्द..." ते चाचरले.

"मेंढरांना काय, दुसरं पाणी चालेल की," शेटजी सहज म्हणाले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. कुणीतरी तहसीलदारसाहेबांना हिंदुस्थानीत सगळा प्रकार समजावून सांगितला.

"पानी है, ये मैंने देख लिया," साहेब म्हणाले. "पहले कौन पिए, ये आप लोगों का मामला है."

वेणू माझ्या शेजारी उभी होती. ती कधी पुढे गेली ते मला कळलंही नाही. तिनं नवऱ्याच्या हातातून पोहरा घेतला, विहिरीत सोडला आणि दोराला हिसडा देऊन तो बुडवला. पुण्याच्या आमच्या वाड्यातल्या आडावर ती असाच हिसडा द्यायची. दोर ओढता ओढता, मागे न बघता, ती मोठ्यानं बोलली.

"शेटजी, महादेवाला गाळ कसा घालायचा वो? निवळलं की पानी तुमीच घाला. मेंढरायला गाळ चालतो."

बायकांच्या घोळक्यात कुणी तरी हसलं, आणि मग "खरं हाय, बाई" असा आवाज आला. मी गोविंदरावांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांनी पुढे होऊन दोराला हात लावला आणि दोघांनी मिळून पोहरा वर घेतला. शेटजी क्षणभर थांबले. मग त्यांनी तांब्या ताटात ठेवला आणि डोणीकडे जायला वाट करून दिली.

वेणूनं पोहरा डोणीत उपडा केला. पाणी तांबूस, मातकट होतं. मेंढरं पुढे रेटू लागली, पण धुरपानं काठी आडवी धरली. ती वाकली, ओंजळभर पाणी घेतलं, तोंडात घोळवलं आणि थुंकून टाकलं. सगळे तिच्याकडे बघत होते, तहसीलदारसाहेबसुद्धा.

"गोडं हाय," धुरपा म्हणाली, आणि तिनं काठी बाजूला घेतली.